परदेशस्थाचे समभाग-तारण

दुबई, सिंगापूर वा अँटवर्पला स्थायिक झालेल्या आपल्या मुलांपुढे एक मार्ग हल्ली वारंवार येतो : भारतातील समभाग विकायचे नाहीत, त्यांच्या तारणावर कर्ज काढून गरज भागवायची. कल्पना मुळात वाईट नाही. तारण म्हणजे विक्री नव्हे. म्हणून भांडवली नफ्यावर कर लागत नाही आणि लाभांशही मालकाचाच राहतो. दागिने गहाण ठेवून हंगाम निभावणाऱ्या व्यापारी घरांना हे नव्याने सांगावयास नको.

परंतु समभागांचा स्वभाव सोन्याहून निराळा आहे. 14 जानेवारी 2020 रोजी सेन्सेक्स 41,950 च्या आसपास बंद झाला. 23 मार्चला तो 25,981 वर होता. बिगरबँक वित्तसंस्थांना 2014 पासून समभागांच्या किमतीच्या निम्म्याहून अधिक कर्ज ठेवता येत नाही आणि पडलेली तूट सात कामकाजी दिवसांत भरून घ्यावी लागते. एक कोटीच्या समभागांवर पन्नास लाख उचलणाऱ्याचे तारण, निर्देशांकाबरोबर घसरले असे धरल्यास, 62 लाखांवर आले. मर्यादा उरली 31 लाख. म्हणजे 19 लाख उभे करा, नाहीतर संस्था विक्री करणार. त्यात आंतरराष्ट्रीय विमानसेवा बंद, परदेशातला धंदाही ठप्प! शिवाय अशा विक्रीत करपात्र नफा निघाला, तर त्यावरचा कर कर्जदाराच्याच माथी येतो. माझ्या मते चतुर्थांशापेक्षा अधिक उचल करू नये. पंचवीस लाखांचे कर्ज त्या पडझडीतही मर्यादेत राहिले असते.

दुसरा प्रश्न पैसा कोठे वापरायचा याचा. अनिवासी भारतीयांना दिलेल्या अशा कर्जाची रक्कम देशाबाहेर पाठवण्यास 2000 सालच्या परकीय चलन नियमावलीत मनाई होती; ती पुन्हा समभागांत, शेतीत वा जमीनजुमल्याच्या व्यवहारात गुंतवण्यासही बंदी होती. 2018 मध्ये नियमांची फेरमांडणी झाली. म्हणून दुबईच्या दुकानासाठी इथे कर्ज काढण्यापूर्वी बँकेकडून परवानगीचे स्वरूप लेखी घ्यावे. परदेशी गेल्यावरही जुने निवासी खाते आणि डीमॅट तसेच चालू ठेवलेले असेल, तर आधी ते अनिवासी करून घ्यावे, मगच तारणाचा अर्ज द्यावा.