कुरडया हलक्या, पार्सल जड!

मैत्रिणींनो, घरच्या कुरडयांना फोनवरून पुण्या-मुंबईच्या ऑर्डरी येतात, पण नफा पार्सलच्या खर्चातच जातो, असं होतं ना? बऱ्याच कुरिअर कंपन्या नुसतं वजन बघत नाहीत, खोक्याचा आकारही मोजतात. लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये घेऊन गुणायची आणि साधारणपणे ५००० ने भागायचं. ४० बाय ३० बाय २० चं खोकं झालं ४.८ किलोचं! आत कुरडया किलोभरच, पण पैसे मोठ्या आकड्याचे. मसाल्याला हा जाच नाही, तो घट्ट बसतो.

पोस्टातही बदल झालेत. २०२५ मध्ये रजिस्टर्ड पोस्ट सेवा स्पीड पोस्टमध्ये विलीन झाली, १ ऑक्टोबरपासून स्पीड पोस्टचे दरही बदलले. तेव्हा जुन्या पावतीवरून गिऱ्हाइकाला भाव सांगू नका. भरलेलं खोकं खिडकीवर नेऊन विचारा.

आणि ‘माल मिळाल्यावर पैसे’ जरा जपूनच. समोरच्याने पार्सल परत पाठवलं, तर जाण्याचं आणि बऱ्याचदा येण्याचंही भाडं आपल्याच माथी. निदान भाड्यापुरते पैसे आधी मागायला लाजायचं कशाला? एकाच सोसायटीतल्या चौघी असतील, तर त्यांना एकत्रच मागवायला सांगा.