स्कर्टिंगमागची ओल

या महिन्याचा विषय साधा, अगदी पायाजवळचा. फरशी आणि भिंत जिथे मिळतात तिथे जी चार इंची पट्टी लावतात, ती स्कर्टिंग. पोछा मारताना भिंतीला पाणी लागू नये, झाडू आणि पलंगाच्या घासण्याने प्लास्टर निघू नये आणि मधली फट झाकली जावी, एवढंच तिचं काम. आपल्या पाथरीची जमीन काळी. पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. त्यामुळे अशी फट आपल्याकडे नवलाची नाही.

अम्मीच्या खोलीत स्कर्टिंग नव्हतं. ती जानमाज अंथरते त्या बाजूची भिंत खालून फुगली होती. पोपडे जानमाजवर पडत. अम्मीला दमा, ओलीच्या वासाने रात्री खोकला वाढे. दिवाळीच्या सुट्टीत मिस्त्री न बोलावता आम्हीच स्कर्टिंग लावायचं ठरवलं.

सुट्टीआधी वर्गात परिमितीचं गणित म्हणून हीच खोली दिली. खोली 10 बाय 12 फूट, म्हणजे परिमिती 44 फूट. दार वजा करायचं आम्हीच विसरलो होतो, एका मुलीने आठवण दिली. दाराचे 3 फूट गेले, उरले 41. दोन फुटी टाइलच्या चार इंची सहा पट्ट्या निघतात, म्हणजे 12 फूट. चार टाइल पुरतात, फुटतुटीसाठी पाचवी. कापताना पात्याची जाडी जाते, म्हणून पट्टी चार इंचांना किंचित कमी भरते. पट्ट्या दुकानातूनच कापून आणल्या.

दोन दिवसांत काम झालं. खोली चकाचक दिसू लागली. तिसऱ्या आठवड्यात जानमाजजवळच्या दोन पट्ट्या सुटून पडल्या. मागे पांढरा लोणा आणि ओलं प्लास्टर. अम्मी म्हणाली, "मुँह ढाँके तो रोना बंद होता क्या, बेटा?"

मग शेजारच्या मिस्त्रीचाचांनी एक युक्ती सांगितली. भिंतीवर प्लास्टिकचा वीतभर तुकडा चारी बाजूंनी चिकटपट्टीने बंद करून दोन दिवस ठेवा. थेंब भिंतीच्या बाजूला आले तर ओल भिंतीतून येते. खोलीच्या बाजूला आले तर हवेतली. आमचे थेंब भिंतीकडचे होते. त्या भिंतीपलीकडे मोरी. वुजूचं आणि भांड्यांचं पाणी पाइपच्या सांध्यातून रोज भिंतीत मुरत होतं.

सांधा बदलला, मोरीच्या कडेने सिमेंटचा गोल वाटा काढला. फुगलेलं प्लास्टर ओलीच्या रेषेच्या फूटभर वरपर्यंत काढलं आणि भिंत जानेवारीपर्यंत उघडीच ठेवली. पाहुणे आले की शरम वाटे, पण ओली भिंत झाकली तर पुन्हा तेच होणार होतं. तोवर अम्मीचा पलंग आमच्या खोलीत होता.

भिंत सुकल्यावर प्लास्टर केलं, त्याला पाणी मारून मुरू दिलं. मग पट्ट्या. ज्यांना स्वतः करायचं आहे त्यांनी एवढं लक्षात ठेवावं. भिंतीवरचा रंग खरवडून छन्नीने टाचे मारा. रंगावर पट्टी टिकत नाही. टाचे मारताना बोर्डाकडे जाणारी वायर कुठून गेली आहे ते आधी पाहा, मेन स्विच बंद ठेवा. व्हिट्रिफाइड टाइल पाणी जवळजवळ शोषत नाही, तिला नुसती सिमेंटची राळ धरत नाही. टाइल चिकटवायचा मसाला वेगळा मिळतो, तोच घ्या. फरशीला उतार असतो, म्हणून पारदर्शक नळीत पाणी भरून लेवल घ्या आणि दोरी बांधा. दिसणाऱ्या कोपऱ्यापासून अख्खी पट्टी लावत निघा, कापलेला तुकडा दाराआड किंवा कपाटामागे जाऊ द्या. सांधे दुसऱ्या दिवशी भरा. वरच्या कडेची खाच पुट्टीने बुजवा, नाहीतर तिथे धूळ बसते.

एक गोष्ट मात्र स्कर्टिंगच्या हातची नाही. ओल पायातून वर चढत असेल, तर पट्टी फक्त ती लपवते. तिथे जाणकार मिस्त्रीच हवा, हौस नको.

अम्मी आता परत तिच्या खोलीत आहे. दमा गेला असं नाही, पण रात्रीचा खोकला कमी आहे, अल्हम्दुलिल्लाह. प्लास्टिकचा तो तुकडा आम्ही कपाटात जपून ठेवला आहे. पावसाळा लागला की पुन्हा एकदा लावून पाहू.