रविवार सरल्यावर

रविवारी सकाळी वाशी, नेरूळ, बेलापूर या भागांतून जाणाऱ्यास चर्चमधून बाहेर पडणारी कुटुंबे दिसतात. कोणी केरळातून आलेले, कोणी गोव्यातून, कोणी तमिळनाडूतून, तर कोणी आपल्याच जालना वा अहिल्यानगर जिल्ह्यातून. सन १९७० मध्ये सिडकोची स्थापना झाली, खाडीपलीकडे नवे शहर वसू लागले, आणि पोटापाण्यासाठी आलेल्या या मंडळींबरोबर त्यांच्या उपासनाही येथे रुजल्या. परमेश्वराची कृपा कोणाच्या योग्यतेवर अवलंबून नसते, ती केवळ दान म्हणून लाभते, हे ते श्रद्धेने ऐकतात. सोमवारी हीच मंडळी लोकल पकडून शाळेत, बँकेत वा कचेरीत आपापल्या जागी जाऊन बसतात. कृपेचा खरा प्रश्न, आमच्या मते, तेथे सुरू होतो.

मनुष्य स्वतःच्या पुण्याईने तरत नाही, देवाच्या कृपेने तरतो, हा ख्रिस्ती शिकवणीचा गाभा होय. संत पौलाने तो आपल्या पत्रांतून आग्रहाने मांडला. सोळाव्या शतकात मार्टिन ल्यूथरने याच मुद्द्यावर सारा युरोप हलवून सोडला. परंतु दान विनामूल्य आहे असे म्हटले की एक शंका हटकून डोके वर काढते. क्षमा जर ठरलेलीच आहे, तर मग सदाचरणाची यातायात कशाला? ही शंका पौलालाही ठाऊक होती आणि रोमकरांस लिहिलेल्या पत्रात त्याने ती निःसंदिग्धपणे फेटाळली. याकोबाने तर कृतीवाचूनचा विश्वास निर्जीव ठरविला. कचेरीच्या भाषेत सांगायचे तर सदाचरण ही कृपेची किंमत नव्हे. ती कृपा मिळाल्याची पोच आहे. पोच दिली म्हणून वस्तू आपण विकत घेतली असे होत नाही. पण पोच कधीच आली नाही, तर वस्तू पोहोचली की नाही असा संशय घेण्यास जागा राहते.

शुभवर्तमानातील जक्कयाची कथा या दृष्टीने वाचण्याजोगी आहे. जक्कय हा यरीहो गावचा मुख्य जकातदार, म्हणजे सरकारी वसुलीतला माणूस. येशूला पाहण्यासाठी तो झाडावर चढला आणि येशू आपण होऊन त्याच्या घरी गेला. जाण्यापूर्वी त्याने कोणतीही अट घातली नव्हती. परंतु पाहुणा घरात येताच जक्कयाने आपली अर्धी मालमत्ता गरिबांस देऊ केली आणि ज्यांना लुबाडले असेल त्यांना चौपट परत करण्याचे वचन दिले. केवळ पश्चात्तापाचे अश्रू ढाळून तो थांबला नाही. त्याने हिशेबाची वही उघडली. महाराष्ट्राला ही गोष्ट परकी वाटू नये. तुकोबांनी आपल्या वाट्याची सावकारीची खतपत्रे इंद्रायणीत बुडविली, असे परंपरा सांगते. तुकोबांच्या सेतूवरून आपण ख्रिस्तापर्यंत आलो, असे कवी नारायण वामन टिळक म्हणत, त्यात मोठे मर्म आहे.

मात्र कृपा लाभली की आचरण एका रात्रीत पालटते, असे समजणे भाबडेपणाचे ठरेल. कृपेवरील आपल्या स्तोत्रामुळे जगभर ओळखला जाणारा इंग्रज जॉन न्यूटन १७४८ साली समुद्रावरील भीषण वादळातून वाचला आणि देवाकडे वळला. त्यानंतरही १७५४ पर्यंत तो गुलामांची वाहतूक करणाऱ्या जहाजांवर होता, कप्तानही झाला. त्या व्यापाराचा त्याने छापील पुस्तिकेतून जाहीर निषेध केला तो १७८८ मध्ये. प्रार्थना करणाऱ्या त्या कप्तानाला आपल्याच जहाजाच्या तळाशी साखळदंडांनी जखडलेली माणसे इतकी वर्षे का दिसली नाहीत? हा प्रश्न न्यूटनपुरता नाही. आपल्या पोटाची व्यवस्था ज्या अन्यायावर चाललेली असते, तो अन्याय दिसणे सर्वांत कठीण असते.

याच्या उलट, दिसताच धावून जाणारे उदाहरण आपल्याच मातीत आहे. पंडिता रमाबाईंनी १८८३ साली इंग्लंडमधील वाँटेज येथे बाप्तिस्मा घेतला. त्यानंतरच्या सुमारे आठ वर्षांविषयी त्यांनी पुढे प्रांजळपणे लिहिले की, आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त सापडला नव्हता. एवढी विदुषी स्वतःविषयी असे लिहिते, हेच आम्हाला विलक्षण वाटते. १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि निराधार मुली व बालविधवा शेकड्यांनी घेऊन आल्या. स्वतःचे आईवडील व बहीण पूर्वीच्या दुष्काळात गमावलेल्या या बाईंना भूक पुस्तकातून शिकावी लागली नव्हती. केडगावच्या मुक्ती सदनात या मुलींना अक्षरओळख मिळाली आणि विणकाम, छपाई यांसारखे पोट भरणारे उद्योगही. समाजाने पतित म्हणून दूर लोटलेल्या स्त्रियांसाठी तेथे जी वास्तू उघडली, तिचे नाव होते ‘कृपासदन’. ‘कृपा’ या शब्दाला त्यांनी अन्न, अंथरूण आणि दार दिले.

आज आपल्यापुढे दुष्काळ नसेल, पण सोमवार आहे. अडलेल्या माणसाचा कागद मुद्दाम खाली सारणारा कारकून, शिकवणीला येणाऱ्या विद्यार्थ्याला वर्गात झुकते माप देणारा शिक्षक, नक्कल करून पदवी मिळविणारा विद्यार्थी, यांच्या रविवारच्या स्तोत्राला काय अर्थ उरतो? ज्या समाजात देवाची सारी लेकरे समान म्हटली जातात, तेथेही सोयरीक जुळविताना पूर्वाश्रमीची जात चाचपली जाते, हे कटू सत्य ख्रिस्ती वाचकांनीच आधी कबूल करावे. आणि नवी मुंबईकरांनी, मग ते कोणत्याही धर्माचे असोत, आणखी एक गोष्ट ध्यानी ठेवावी. आपली घरे व प्रार्थनास्थळे ज्या भूमीवर उभी आहेत, ती आगरी-कोळी शेतकऱ्यांची होती. तिच्या न्याय्य मोबदल्यासाठी जानेवारी १९८४ मध्ये झालेल्या आंदोलनात पाच जणांनी गोळीबारात प्राण गमावले. त्या कुटुंबांतील कोणी आपल्या टेबलासमोर अर्ज घेऊन उभा राहिला, तर त्याच्याशी आपण कसे वागतो, यात आपल्या धर्माची परीक्षा आहे.

हे वाचून कोणी खचून जाऊ नये. आपण परिपूर्ण नाही, ही जाणीव असलेल्यासाठीच तर कृपा आहे. एखादा दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशी पुन्हा आरंभ करता येतो, हीच तिची थोरवी. अट एकच: चूक झाकण्यासाठी तिचे पांघरूण करू नये. जक्कयाने वही उघडली होती. आपलीही वही कोठेतरी मिटून ठेवलेली असेल. या सोमवारी तिचे निदान एक पान उघडावे, आणि ज्याचे जे देणे असेल ते त्याला द्यावे.