शहराचे नाव कोणाच्या मालकीचे?

२०१४ साली इंडियन सुपर लीग सुरू झाली, तेव्हा पुण्याच्या नावाने एफसी पुणे सिटी हा फुटबॉल संघ उभा राहिला. चित्रपट-अभिनेता सहमालक, बोधचिन्ह, जर्सी, दूरचित्रवाणी हा सारा सरंजाम आरंभापासूनच सज्ज होता. २०१९ साली संघ मोडला आणि लीगमधील त्याची जागा हैदराबादला गेली. २०२५ मध्ये हैदराबादच्या त्या संघाचेही दिल्लीला स्थलांतर झाले. या दोन्ही वेळी त्या-त्या शहराच्या प्रेक्षकाला कोणी विचारले नाही. विचारण्याचे कारणही नव्हते. त्याने जर्सी विकत घेतली होती, संघ नव्हे.

याच महाराष्ट्रात कोल्हापूरचे फुटबॉल निराळ्या पायावर उभे आहे. पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, बालगोपाल हे संघ पेठांतल्या तालमींचे. त्यांच्या सामन्यांना शाहू स्टेडियम भरते. २०१७ च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळलेला अनिकेत जाधव याच कोल्हापूरचा. तरीही जिल्ह्याबाहेर या संघांची नावे कितीजणांना ठाऊक आहेत? उलट, बार्सिलोनाची नक्कल केलेली जर्सी तालुक्याच्या बाजारातही मिळते.

याचा दोष तरुणांच्या अभिरुचीला देणे सोपे आहे. पण ते खरे नव्हे. प्रसिद्धी ही गुणवत्तेची सावली नसून भांडवली गुंतवणुकीचे फळ आहे. ज्याच्याजवळ प्रक्षेपणाचा वेळ आणि जाहिरातीचा पैसा, त्याचाच संघ दिसतो. जो दिसतो, त्याचीच जर्सी खपते. आणि जी खपते, तिच्यावर पुढची जाहिरात येते. गंमत अशी की, ग्राहक स्वतः पैसे मोजून दुसऱ्याच्या मालाचा फलक अंगावर मिरवतो. या चक्रात ज्याला प्रवेश नाही, तो संघ कितीही जुना असो, अदृश्यच राहतो.

लीगमुळे काही खेळाडूंना चांगला मोबदला मिळू लागला, हे नाकारण्यात अर्थ नाही. तालमींच्या समर्थकांतील ईर्ष्या कधी हाणामारीपर्यंत जाते, हेही झाकून ठेवू नये. प्रश्न पैशाचा नसून मालकीचा आहे. जर्मनीत १९९८ पासून व्यावसायिक क्लबांतही, मोजके अपवाद वगळता, मतांचे बहुमत सभासदांकडेच ठेवण्याचा नियम आहे. तेथील फुटबॉल त्यामुळे दरिद्री झालेले नाही. ज्या बार्सिलोनाची जर्सी येथे विकली जाते, तो क्लबही सभासदांच्याच मालकीचा आहे. आपण तेथून जर्सी तेवढी उचलली, सभासदत्व मात्र तेथेच राहिले.

सहकाराचा वारसा सांगणाऱ्या महाराष्ट्राला हा विचार परका वाटू नये. शहराचे नाव आणि सार्वजनिक मैदान वापरणाऱ्या संघात नागरिकांना सभासदत्व व मताधिकार असावा, संघ हलविण्याआधी त्यांची संमती घ्यावी लागावी, आणि स्थानिक स्पर्धांना सार्वजनिक प्रक्षेपणात हक्काची जागा मिळावी, एवढ्या मागण्या तरी शासनापुढे ठामपणे मांडल्या पाहिजेत. शहराचे नाव ही तेथील लोकांची सामाईक मिळकत आहे. ती भाड्याने देताना धन्याला विचारण्याची रीत निदान आता तरी पडावी.