ताप आला, पैसे पाठवा

कान्ह्याच्या घरातली माळ्यावरची ट्रंक उघडली. आत खापरपणजोबांची मोडी पत्रे. चार ओळी वाचून घेऊन मेहुण्यांनी निकाल दिला, ‘‘दाजी, यात आहे काय? कुणाला ताप आला, कुणी पैसे मागितले. द्या रद्दीत!’’

मी बँकेतला कारकून. पैसे मागणाऱ्या कागदाचा अपमान मला सोसवत नाही. अहो, घरच्या माणसाने प्रकृती आणि पैसा सोडून लिहायचे तरी काय? १८७९ साली पाव आण्याचे पोस्टकार्ड निघाले, १८८० साली टपालखात्याची मनिऑर्डर. एकीकडून खुशाली, दुसरीकडून काळजी!

१८८३ साली आनंदीबाई जोशी डॉक्टर व्हायला अमेरिकेला गेल्या. मागे राहिलेले गोपाळराव टपालखात्यातलेच कारकून. मध्ये समुद्र, दुवा काय तो पत्रांचा. १८८६ साली पदवी मिळाली आणि १८८७च्या फेब्रुवारीत पुण्यात त्या गेल्या. वय एकवीस. अशा घरातल्या पत्रात ‘प्रकृती कशी आहे?’ ही ओळ किरकोळ म्हणायची कुणाची छाती आहे?

‘औषध घेतलेस का’ आणि ‘पैसे पुरतात का’ हे ज्या घरात कुणी विचारत नाही, त्या घराला इतिहास कसला?

ट्रंक पुन्हा माळ्यावर गेली. चढवताना मेहुण्यांची कंबर धरली. त्यांनी लगेच मोबाईलवरून मुलाला कळवले, ‘कंबर धरली आहे. थोडे पैसे पाठव.’