विश्लेषण : बाळासह विमानप्रवास करताना दूध, खिमट, बाबागाडी नेता येते का? अडवू शकते कोण?

केबिन बॅगेत १०० मिलिलिटरपेक्षा मोठी द्रवपदार्थाची बाटली चालत नाही, हे बहुतेक प्रवाशांना ठाऊक असते. त्याच नियमात बाळाच्या दुधाला आणि अन्नाला सूट आहे, हे मात्र अनेक पालकांना तपासणीच्या रांगेतच कळते. गोंधळाचे मुख्य कारण म्हणजे बाळाच्या सामानाबाबत निर्णय घेणाऱ्या यंत्रणा तीन आहेत : विमान कंपनी, सुरक्षा यंत्रणा आणि परदेशी जाणार असाल तर त्या देशाचे सीमाशुल्क खाते. कोण काय तपासते, हे समजले की बॅग भरणे सोपे होते.

१०० मिलिलिटरचा नियम आला कुठून?

ऑगस्ट २००६ मध्ये ब्रिटनमधून अमेरिका-कॅनडाला जाणारी विमाने द्रवरूप स्फोटकांनी उडवण्याचा कट ब्रिटिश पोलिसांनी उधळला. त्यानंतर काही दिवस ब्रिटनमध्ये केबिनमध्ये जवळपास काहीच नेऊ दिले जात नव्हते. बाळाच्या दुधाला तेव्हाही परवानगी होती, पण सोबतच्या प्रवाशाने ते चाखून दाखवावे लागे. पुढे १०० मिलिलिटरच्या बाटल्या आणि एक लिटरची पारदर्शक पिशवी हा नियम जगभर रूढ झाला. बाळाचे अन्न आणि औषधे या मर्यादेबाहेर राहिली.

भारतात नियम काय?

इकॉनॉमी वर्गात साधारणपणे सात किलोपर्यंतची एकच केबिन बॅग नेता येते. त्याखेरीज जवळ बाळगता येणाऱ्या वस्तूंमध्ये प्रवासात लागणारे बाळाचे अन्न आणि बाळ सोबत असल्यास त्याची टोपली यांचा समावेश आहे. म्हणजे दुधाच्या बाटल्यांची पिशवी केबिन बॅगेत कोंबण्याची गरज नाही. देशांतर्गत विमानात पाण्याची बाटलीही सहसा नेऊ दिली जाते. १०० मिलिलिटरची काटेकोर अंमलबजावणी दिसते ती आंतरराष्ट्रीय उड्डाणांत.

‘प्रवासात लागणारे’ म्हणजे नेमके किती, याचा आकडा नियमात नाही. तो निर्णय तपासणी करणाऱ्या जवानाचा. त्यामुळे प्रवासाचे एकूण तास आणि वर तीन-चार तासांचा उशीर धरून दूध घ्यावे, ते वेगळ्या पिशवीत ठेवावे आणि ट्रे पुढे सरकवण्याआधीच ‘बाळाचे दूध आहे’ असे सांगावे.

काढून ठेवलेले आईचे दूध नेता येते का?

इथे देशागणिक फरक पडतो. अमेरिकेत आईचे दूध, पावडरचे दूध आणि बाळाचे अन्न ‘वाजवी प्रमाणात’ नेता येते. ते थंड ठेवणारे आइस पॅकही चालतात आणि बाळ सोबत असण्याची अट नाही. ब्रिटनमध्येही बाळाशिवाय प्रवास करणारी आई दूध नेऊ शकते, मात्र एका डब्याला दोन लिटरची मर्यादा आहे आणि गोठवलेले दूध केबिनमध्ये चालत नाही. अमेरिकेत गोठवलेले दूधही चालते. म्हणजे न्यूयॉर्कला तपासणीत पार झालेली पिशवी परतीच्या वाटेवर लंडनला पुन्हा तपासणी झाल्यास अडू शकते. मुंबईहून आखाती देश किंवा युरोपमार्गे जाणाऱ्यांनी वाटेतल्या सर्वांत कडक विमानतळाचा नियम धरून तयारी करावी.

भारतात सवलतीची भाषा सोबत असलेल्या बाळापुरती आहे. कामानिमित्त एकटीने प्रवास करणाऱ्या, दूध काढून ठेवणाऱ्या आईसाठी इथे अमेरिकेइतकी स्पष्टता नाही.

नाचणी सत्त्व, तूप, खिमट?

नाचणी सत्त्व किंवा सातूचे पीठ द्रव नाही, त्यामुळे १०० मिलिलिटरची अट त्याला लागू नाही. मात्र अमेरिकेला जाणाऱ्या विमानात ३५० मिलिलिटरपेक्षा जास्त पावडर केबिनमध्ये असेल, तर जादा तपासणी होऊ शकते. बाळाच्या दुधाच्या पावडरला त्यातून सूट आहे, पण घरी दळलेल्या, लेबल नसलेल्या पिठाची पुडी पाहून प्रश्न विचारले जाणारच. लागेल तेवढेच केबिनमध्ये, बाकीचे चेक-इन बॅगेत, हे बरे. तुपाची गणना द्रवात होते. आंतरराष्ट्रीय प्रवासात त्याची मोठी बरणी चेक-इनमध्येच द्यावी. शिजवलेले खिमट बाळाचे अन्न म्हणून नेता येते.

सर्दीसाठी बाळाजवळ ठेवली जाणारी कापराची पोटली मात्र घरीच ठेवावी. कापूर ज्वलनशील घन पदार्थांत मोडतो. पाऱ्याच्या थर्मामीटरऐवजी डिजिटल घ्यावा.

पॉवर बँक आणि ब्रेस्ट पंपाचे काय?

पॉवर बँक आणि सुट्या लिथियम बॅटऱ्या चेक-इन बॅगेत चालत नाहीत, त्या केबिनमध्येच न्याव्या लागतात. १०० वॉट-तासांपर्यंतच्या पॉवर बँकेला वेगळी परवानगी लागत नाही. हिशेब सोपा आहे : २० हजार एमएएच म्हणजे २० अँपिअर-तास, त्याला ३.७ व्होल्टने गुणले की ७४ वॉट-तास. बॅटरीवर चालणारा ब्रेस्ट पंपही केबिनमध्येच ठेवावा.

बाबागाडी, तिकीट आणि कागदपत्रे?

बहुतेक कंपन्या घडीची बाबागाडी मोफत नेतात आणि अनेकदा ती विमानाच्या दारापर्यंत वापरू देतात. तिचीही एक्स-रे तपासणी होते, त्यामुळे बाळाला काढून ती दुमडावी लागते. वजन आणि आकाराची मर्यादा कंपनीगणिक बदलते, ती तिकिटासोबत पाहावी.

दोन वर्षांखालील बाळ मांडीवर बसून प्रवास करू शकते, त्यानंतर स्वतंत्र आसन घ्यावे लागते. वय प्रवासाच्या तारखेला मोजले जाते. जाताना २३ महिन्यांचे असलेले मूल परतताना दोन वर्षांचे झाले, तर परतीला आसन लागते. वयाचा पुरावा नसेल तर कंपनी पूर्ण भाडे मागू शकते. परदेशी जाताना तान्ह्या बाळालाही स्वतःचा पासपोर्ट हवा. १ ऑक्टोबर २०२३ किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांच्या पासपोर्टसाठी जन्मतारखेचा पुरावा म्हणून केवळ जन्म दाखलाच ग्राह्य धरला जातो.

तपासणीत अडवले तर?

दूध ओतून देण्याआधी तिथल्या वरिष्ठ अधिकाऱ्याला भेटण्याची विनंती करता येते. ज्या देशातून उड्डाण आहे, तिथल्या सुरक्षा यंत्रणेच्या संकेतस्थळावरील बाळाच्या अन्नाविषयीच्या पानाचा स्क्रीनशॉट मोबाइलमध्ये असल्यास बोलणे सोपे जाते. उतरल्यावर प्रश्न सीमाशुल्क खात्याचा असतो. अमेरिकेत ताजी फळे सहसा नेऊ देत नाहीत. बाळासाठी घेतलेले केळे विमानातच संपवावे, उरलेच तर घोषणापत्रात नोंदवावे.