घरपट्टी : तक्रार आणि कर्तव्य

मार्च महिना उजाडला की जालन्यातील घराघरांत दोन कागद हमखास शोधले जातात : आयकराचा हिशेब आणि घरपट्टीची पावती. २०२३ साली जालना नगरपरिषदेचे महानगरपालिकेत रूपांतर झाले आणि दुसऱ्या कागदाची धास्ती वाढली. ‘महापालिका झाली, आता पट्टी वाढणार,’ ही भीती निराधार म्हणता येणार नाही. ज्या शहराने २०१२-१३ च्या दुष्काळात टँकरची वाट पाहण्यात दिवस काढले, तेथील नागरिक पट्टीबरोबर पाण्याचाही हिशेब मागणारच.

तथापि तक्रारीपूर्वी बिल वाचणे आवश्यक आहे. पारंपरिक पद्धतीत घरपट्टी घराच्या बाजारभावावर नव्हे, तर करयोग्य मूल्यावर बसते. घर भाड्याने दिल्यास वर्षाला किती भाडे येईल हे ठरवून त्यातून दुरुस्तीपोटी दहा टक्के वजा करतात व उरलेल्या रकमेवर कर आकारतात. त्याच बिलातील शिक्षण कर मात्र राज्य शासनाचा असतो. तो १९६२ च्या कायद्याने आला आणि पालिका तो केवळ वसूल करून देते. दुकान-गोदामांच्या बिलात राज्याचा रोजगार हमी करही असतो.

राज्याच्या तिजोरीचा संबंध येथेच संपत नाही. १९९९ मध्ये नगरपालिकांची जकात बंद झाली आणि तिच्या जागी शासनाचे अनुदान आले. पालिकेच्या हाती स्वतःची अशी मुख्यतः घरपट्टी व पाणीपट्टी उरली. आता देणाऱ्याचीच स्थिती पाहा. २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात राज्याने ४५,८९१ कोटी रुपयांची महसुली तूट दाखविली. कर्जाचा अंदाज ९ लाख ३२ हजार कोटींचा होता. २०११ च्या जनगणनेतील ११ कोटी २४ लाख लोकसंख्येने भागल्यास माणशी सुमारे ८३ हजार रुपये पडतात. त्या अर्थसंकल्पात एकट्या ‘लाडकी बहीण’ योजनेसाठी ३६ हजार कोटींची तरतूद होती. योजना चांगली की वाईट हा प्रश्न वेगळा. परंतु महसुली तूट म्हणजे रोजच्या खर्चासाठी कर्ज काढणे. घर बांधण्यासाठी कर्ज घेणारा कुटुंबप्रमुख शहाणा ठरतो, किराण्यासाठी घेणारा नव्हे. मोठ्या घराचा हात आखडला की धाकट्या घराला आपल्याच अंगणात उत्पन्न शोधावे लागते.

येथे श्रावकाने स्वतःकडेही पाहावे. अचौर्य अणुव्रताच्या पाच अतिचारांत ‘विरुद्धराज्यातिक्रम’ हा एक आहे. राज्याच्या न्याय्य नियमांचे उल्लंघन करून लाभ मिळविणे, असा त्याचा आशय. प्रतिक्रमणात आपण त्याची आलोचना करतो. मग वरचा मजला नोंदवायचा राहून गेला असेल, किंवा दुकानाची जागा कागदोपत्री निवासी दाखविली असेल, तर त्या आलोचनेला अर्थ काय? एकाने लपविलेल्या मजल्याचा भार शेवटी प्रामाणिकपणे नोंद करणाऱ्या शेजाऱ्यावर पडतो. त्या शेजारी घरात कदाचित निवृत्तिवेतनावर जगणारी एकटी वृद्धाही असेल.

व्यवहाराच्या दृष्टीनेही विलंब महाग पडतो. थकबाकीवर दरमहा दोन टक्के शास्ती लागते. १२ हजारांची पट्टी वर्षभर थकली तर २,८८० रुपये अधिक, म्हणजे वर्षाला २४ टक्के. मुदत ठेवीवर सात टक्के मिळवीत पट्टी थकविणे हा तोट्याचाच सौदा होय.

आकारणी चुकीची वाटली तर गप्प बसणे हेही कर्तव्य नव्हे. नोटिशीतील मुदतीत लेखी हरकत द्यावी, पोच घ्यावी, क्षेत्रफळ, वापर व बांधकामाचा प्रकार पडताळावा आणि सुनावणीस स्वतः हजर राहावे. पुढे न्यायालयात अपिलाची सोय आहे. मात्र त्यासाठी मागणीची रक्कम आधी भरावी लागते. तोंडी कुरकुरीची नोंद कोणतेही दप्तर ठेवीत नाही.

घाणेवाडी तलावाचा गाळ जालनेकरांनी लोकवर्गणीतून काढला, तेव्हा कोणी कुरकुरले नाही. कारण दिलेला रुपया कोठे गेला हे डोळ्यांना दिसत होते. पालिकेने पट्टीचाही हिशेब तसाच उघडा ठेवावा. आणि राज्याने ‘परिग्रह-परिमाण’ या व्रताचा थोडा विचार करावा : इच्छेला मर्यादा केवळ श्रावकालाच नसते, तिजोरीलाही असते. नागरिकाने मात्र पावती वेळेवर फाडावी. हिशेब मागण्याचा अधिकार त्या पावतीनेच बळकट होतो.